सबस्क्रिप्शन बंद केलंत, आता ते पैसे कुणाला द्यायचे? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

मनोरंजनाच्या मोठ्या कंपन्यांना आता पैसे द्यायचे नाहीत असं म्हणणारे लोक हल्ली खूप भेटतात. कुणाला राग आहे की पैसे भरूनही जाहिराती बघाव्या लागतात (अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओने भारतात जून २०२५ पासून त्या चालू केल्या), कुणाला मराठी सिनेमाला धड शो मिळत नाहीत म्हणून चीड आहे, कुणाला लेखक-चित्रकारांची कामं एआयच्या घशात जातायत ते सहन होत नाही. कारणं सगळी खरी आहेत. पण बहुतेकांचं गाडं 'कॅन्सल' बटणापाशीच थांबतं, बटण दाबलं, दोन महिने बरं वाटलं, मग आयपीएल आली आणि परत चालू.

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे थांबवणं हे अर्धंच काम झालं. थांबवलेला रुपया त्याच महिन्यात कुठल्यातरी नाव-गाव असलेल्या कलाकाराच्या खात्यात गेला पाहिजे, नाहीतर तो स्विगीत जातो आणि कलाकार होता तिथेच राहतो. खालचं सगळं त्यासाठीच लिहितोय, ज्यांनी यातलं काहीच केलेलं नाहीये त्यांच्यासाठी.

पायरी १: पैसे नक्की कुठून गळतायत ते शोधा

एका संध्याकाळचं काम आहे. बँकेचं मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि मनोरंजनाच्या नावाने गेलेली प्रत्येक रक्कम वहीत लिहा. मग जीपे किंवा फोनपेमध्ये प्रोफाइलवर जाऊन ऑटोपे उघडा, तिथे तुम्ही कधीकाळी 'एक महिना फ्री' म्हणून हो म्हटलेल्या सगळ्या परवानग्या दिसतील. अँड्रॉइड असेल तर प्ले स्टोअरमध्ये सबस्क्रिप्शन्स, आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप करून सबस्क्रिप्शन्स. अ‍ॅप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं अजूनही खूप जणांना वाटतं, तसं होत नाही, पैसे जातच राहतात.

रिझर्व्ह बँकेचा नियम आपल्या बाजूने आहे. ऑक्टोबर २०२१ पासून असे आपोआप जाणारे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवावं लागतं. तो मेसेज आपण बघत नाही कारण तो ढीगभर जाहिरातींच्या मेसेजमध्ये दबलेला असतो. आता बघा. १५ हजारांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे तो मेसेज हीच काय ती तुमची संधी.

आणि मोबाइलचा रिचार्ज बघा हं. पुष्कळ प्लॅनमध्ये कुठलं ना कुठलं ओटीटी गुंडाळून दिलेलं असतं, आपण म्हणतो फुकट आहे, फुकट काही नसतं. ओटीटी नसलेला साधा प्लॅन मिळतो का ते विचारा. डीटीएचचं पॅकेजही तसंच, न बघितले जाणारे चॅनेल काढून टाकता येतात.

पायरी २: कोण कुणाच्या मालकीचं आहे ते समजून घ्या

हे केल्याशिवाय बहिष्कार म्हणजे या खिशातून काढून त्याच माणसाच्या दुसऱ्या खिशात घालणं होतं. डिस्नीने २००६ साली पिक्सार घेतलं, २००९ साली मार्व्हल, २०१२ साली लुकासफिल्म, आणि २०१९ साली फॉक्सचा मोठा धंदा घेतला त्याच्याबरोबर आपल्याकडचं स्टार इंडिया पण त्यांच्याकडे गेलं. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार इंडिया आणि रिलायन्सची व्हायकॉम१८ एकत्र येऊन जिओस्टार झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं. एमएक्स प्लेयर फुकटवाला म्हणून वेगळा वाटतो, तो २०२४ पासून अ‍ॅमेझॉनचा आहे. पीव्हीआर आणि आयनॉक्स २०२३ च्या सुरुवातीला एकच कंपनी झाली, म्हणजे एका मॉलवर रागावून समोरच्या मॉलमध्ये गेलात तरी तिकिटाचे पैसे एकाच गल्ल्यात पडू शकतात.

सगळ्यांवर एकदम बहिष्कार टाकायला जाऊ नका. दोन किंवा तीन कंपन्या निवडा आणि का निवडल्या ते एका वाक्यात लिहून ठेवा. कारण स्पष्ट नसेल तर पहिल्याच लाँग वीकेंडला माघार होते. आणि जिथे काम करणाऱ्या माणसांचाच प्रश्न आहे तिथे आधी ती माणसं काय मागतायत ते ऐका. २०२३ साली हॉलिवूडच्या लेखकांनी १४८ दिवस संप केला, नंतर नटही उतरले, पण त्यांच्या संघटनांनी प्रेक्षकांना सबस्क्रिप्शन बंद करा असं सांगितलं नव्हतं. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत विनोदी टॉक शो करणाऱ्या जिमी किमेलचा कार्यक्रम डिस्नीच्या एबीसी वाहिनीने थांबवला तेव्हा प्रेक्षकांनी आपणहून धडाधड सबस्क्रिप्शनं रद्द केली, आणि आठवड्याभरात कार्यक्रम परत आला. एकट्या या रद्द करण्यामुळेच आला असं मी म्हणणार नाही, पण कंपनीला ते आकडे दिसतात एवढं नक्की.

पायरी ३: बंद करा, पण घरच्यांशी बोलून

वर्षभराचे पैसे भरून झाले असतील तर फक्त ऑटो-रिन्यूअल बंद करा, मुदत संपेपर्यंत वापरा, ते पैसे तर गेलेलेच आहेत. बंद करताना कारण विचारणारी एक चौकट येते, ती रिकामी सोडू नका, दोन ओळी लिहा. आपल्या प्लेलिस्टची, बघायच्या यादीची आठवण म्हणून यादी करून घ्या, नंतर त्यातल्या छोट्या कलाकारांना थेट गाठायला ती उपयोगी पडते.

घरात आई किंवा सासूबाई रोज साडेसातची मालिका बघत असतील तर ती त्यांच्यापासून ओढून घेऊ नका. हा तुमचा निर्णय आहे, त्यांच्यावर लादला की घरात महिनाभर धुसफूस होते आणि शेवटी सगळंच परत चालू होतं. आपल्या फोनवरचं, आपल्या खात्यातून जाणारं आधी बंद करा. मुलांच्या बाबतीत मात्र पर्याय आधी हातात ठेवा, मग बंद करा, बालनाट्याचं तिकीट काढून आणा, वाचनालयाचं कार्ड काढा, मग हळूच विषय काढा.

पायरी ४: टेलिग्रामवरून डाउनलोड म्हणजे बहिष्कार नव्हे

हे वेगळं लिहितोय कारण पहिला प्रश्न हाच येतो. 'मी पैसे देत नाही, फुकट बघतो, झाला ना बहिष्कार?' नाही झाला. तुम्ही तोच सिनेमा बघताय, त्याच्याचबद्दल बोलताय, त्याचेच मीम फिरवताय, म्हणजे त्या कंपनीची जाहिरात तुम्ही करताय. आणि एकदा फुकटची सवय लागली की तो हात छोट्या माणसाच्या कामापाशी येऊन थांबत नाही. मोठ्या स्टुडिओला चोरीची कॉपी झेपते, दिवाळी अंक काढणाऱ्या संपादकाला नाही झेपत. दर वर्षी वसुबारसेच्या आसपास व्हॉट्सअ‍ॅपवर 'सर्व दिवाळी अंक पीडीएफ' म्हणून गठ्ठा फिरतो, तो पुढे पाठवणारी माणसं वाचनाची आवड असणारीच असतात, हे जास्त लागतं मनाला. तो गठ्ठा आला तर पाठवणाऱ्याला सरळ सांगा की बाबा, हे पुढे पाठवू नकोस.

पायरी ५: पैसे कुठे न्यायचे

इथे जरा वेळ घेतो.

नाटकापासून सुरुवात करा, कारण महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला स्वतंत्र कलाकार गाठायचा सगळ्यात जवळचा रस्ता तोच आहे आणि तो जुना आहे. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकं चालवली, मोठा निर्माता नाही, मोठं थिएटर नाही. आज पुण्यात सुदर्शन रंगमंच आहे, एरंडवण्यात द बॉक्स आहे, मुंबईत प्रभादेवीला पु. ल. देशपांडे अकादमीचं मिनी थिएटर आहे, जुहूला पृथ्वी थिएटर आहे. छोट्या जागेत काय होतं ते एकदा बघाच. तिकिटं एखाद्या मोबाइल नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करून बुक होतात, दाराशी एक टेबल, त्यावर क्यूआर कोड चिकटवलेला पुठ्ठा, आणि तुमचं नाव यादीत शोधून टिक करणारी मुलगी वीस मिनिटांनी स्टेजवर मुख्य भूमिकेत दिसते. प्रयोग संपला की तीच टीम सेट सोडवून टेम्पोत भरते, कारण हॉल ठरलेल्या वेळेला रिकामा करायचा असतो. तुमच्या तिकिटातून हॉलचं भाडं, लाइट्सवाला, टेम्पो आणि चहा-वडापाव निघाला तर त्या रात्री नट खूश असतात, स्वतःच्या मानधनाची गोष्ट तर त्याच्यानंतर येते. म्हणून इथे 'पास आहे का' विचारू नका, ओळख असली तरी तिकीट काढा, ओळख असली तर दोन काढा. आणि शक्य असेल तिथे बुकिंग अ‍ॅपऐवजी थेट टीमकडून किंवा खिडकीवर काढा, वरची कन्व्हीनियन्स फी वाचते.

गोव्यात असाल तर तियात्र, म्हणजे कोकणी संगीत नाटक, आहेच, १८९२ पासून चालू आहे आणि आजही लोक तिकीट काढून येतात म्हणून चालतं. आणि तमाशा विसरू नका. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे जाऊन सुपाऱ्या देतात, कलाकार आणि गाव यांच्यात थेट व्यवहार. तुमच्या गावच्या यात्रेत यंदा डीजे आणायचा की फड, हा प्रश्न मीटिंगमध्ये तुम्ही उचलू शकता.

आता गाणी. स्ट्रीमिंगवर तुम्ही महिन्याला जे भरता ते तुम्ही ऐकलेल्या गायकाकडे जातं असा समज आहे. तसं नसतं. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी सगळ्यांचे पैसे एका मोठ्या हौदात पडतात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा तेवढं त्याच्या हक्कधारकाला, म्हणजे तुम्ही महिनाभर फक्त कोल्हापूरच्या एका पोराचा अल्बम ऐकलात तरी तुमच्या पैशांचा मोठा हिस्सा सुपरस्टारांकडे जातो. शिवाय २०२४ पासून तिथे नियम आहे, मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला रॉयल्टीच नाही. म्हणून गाणं विकत घ्या. बँडकॅम्प या कलाकारांनी थेट गाणी विकायच्या साइटवर डिजिटल विक्रीतले १५ टक्के साइट घेते, वस्तूंवर १० टक्के, पेमेंटचा खर्च वेगळा, बाकी कलाकाराचे. काही ठराविक शुक्रवारी ते आपला वाटा सोडतात, ही प्रथा मार्च २०२० मध्ये कोव्हिडच्या वेळी सुरू झाली. पण बँडकॅम्पलाही देव मानू नका, २०२२ साली ते एपिक गेम्सने विकत घेतलं, पुढच्याच वर्षी सॉंगट्रेडरला विकलं आणि त्यात जवळपास निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. कार्यक्रमाला गेलात की संपल्यावर स्टेजच्या बाजूला जा, पेन ड्राइव्ह, सीडी, टी-शर्ट काही ना काही असतं, नसेल तर विचारा की तुमचं काम विकत कुठे मिळतं. हा प्रश्न ऐकून समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघाच.

सिनेमाचं गणित वेगळं आहे. स्वतंत्र मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्स टाळता येत नाही बऱ्याचदा, म्हणून माझं मत असं की छोटा सिनेमा असेल तर मल्टिप्लेक्समध्ये सुद्धा जा, आणि पहिल्या आठवड्यात जा. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं भांडण होऊन दोनेक महिने मोठे सिनेमे लागले नव्हते, त्यानंतर जो करार झाला त्यात पहिल्या आठवड्यात निर्मात्या-वितरकाच्या बाजूला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० असा वाटा ठरला. प्रत्येक सिनेमाचा सौदा वेगळा असू शकतो, पण दिशा हीच, जितका उशीर तितका निर्मात्याचा वाटा कमी. त्यात छोट्या सिनेमाचा शुक्रवार-शनिवार रिकामा गेला की सोमवारी शोच उडतो. 'ओटीटीवर आला की बघू' हे वाक्य छोट्या सिनेमाला मारतं. पॉपकॉर्न नका घेऊ, तिकीट घ्या. गावात सिंगल स्क्रीन शिल्लक असेल आणि तिथे लागला असेल तर अजून चांगलं. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून फिल्म सोसायटी चालवतंय, अशा सोसायटीची वर्षाची मेंबरशिप घेतलीत तर जगभरातले सिनेमे बघायला मिळतात, बरोबर बोलायला माणसं मिळतात.

वाचणाऱ्यांना जास्त सांगायला नको. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे स्वतंत्र लेखनाला पैसे देऊन पोसायची सवय आहे, ती टिकवा. एका महिन्याच्या सबस्क्रिप्शनच्या पैशात एक अंक येतो. पुस्तक मोठ्या साइटवरून घेण्याआधी प्रकाशकाला फोन करा, बहुतेक छोटे मराठी प्रकाशक पोस्टाने पाठवतात आणि सवलतही देतात. ते नाही जमलं तर गावातलं वाचनालय, वर्गणी भरून.

गेम आणि कॉमिक्सवाल्यांसाठी पटकन: इच.आयओ या स्वतंत्र गेम विकणाऱ्या साइटवर साइटने किती टक्के घ्यावेत ते गेम करणारा स्वतः ठरवतो, सुरुवातीला १० असतं, स्टीम या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात साधारण ३०. कॉमिक्स आणि झाइन्ससाठी (स्वतः छापलेल्या छोट्या पुस्तिका) छोटे फेस्ट होतात, तिथे चित्रकार स्वतः टेबल मांडून बसलेला असतो, त्याच्याकडूनच घ्या.

यूट्यूबवर असणाऱ्या मराठी लोकांचं काय करायचं? यूट्यूब गुगलचं आहे, म्हणजे मोठ्यातलं मोठं. पण तिथला कीर्तनकार, भटकंती करणारा, शेतीचं सांगणारा हा स्वतंत्रच आहे. लांब व्हिडिओच्या जाहिरातींतले ५५ टक्के त्याला मिळतात, मेंबरशिपचे ७० टक्के. बघा, पण पैसे द्यायचे तर त्याच्या डिस्क्रिप्शनमध्ये त्याचा स्वतःचा क्यूआर, पुस्तक, कार्यशाळा काही आहे का ते आधी शोधा. पॉडकास्ट ऐकणाऱ्यांनी अँटेनापॉडसारखं मोफत, ओपन सोर्स अ‍ॅप टाका, अकाउंटसुद्धा काढावं लागत नाही.

पायरी ६: पैसे द्यायची रीत

भारतातल्या कलाकाराला यूपीआय, दुसरं काही नको, पैसे थेट त्याच्या खात्यात पडतात. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पेमेंट बंद केलंय, त्यामुळे परदेशी साइटवर भारतीय कलाकाराला पैसे देताना अडकलात तर त्याला मेसेज करा आणि यूपीआय आयडी मागा, लाजू नका. अमेरिकेत, दुबईत, जर्मनीत असलेल्या मराठी मंडळींना मात्र पेपालने इथल्या माणसाकडून काम विकत घेता येतं. तुमचं डेबिट कार्ड परदेशी साइटवर चालत नसेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालू करायचं बटण असतं, मर्यादा छोटी ठेवा. पेट्रिऑनवर, म्हणजे कलाकाराला दरमहा पैसे द्यायच्या साइटवर, कुणाला सपोर्ट करायचा असेल आणि आयफोन असेल तर अ‍ॅपमधून करू नका, ब्राउझर उघडून करा, अ‍ॅपमधून केलं की मध्ये अ‍ॅपलचं कमिशन येतं, ३० टक्क्यांपर्यंत.

रक्कम छोटी असली तरी दर महिन्याला द्या. एकदाच दोन हजार पाठवण्यापेक्षा दर महिन्याला दीडशे मिळणार हे माहीत असलं की कलाकाराला पुढच्या महिन्याचं भाडं, तालमीची जागा ठरवता येते. पायरी १ मधली वही काढा, बंद केलेल्या प्रत्येक रकमेसमोर आता कुणाचं नाव आलं ते लिहा. जिथे नाव नाही तिथे काम बाकी आहे.

पायरी ७: सोसायटी आणि मंडळाचे पैसे

एकट्याचे दोनशे रुपये आणि गणपतीची वर्गणी यात किती फरक आहे ते तुम्हीच बघा. शंभर फ्लॅटच्या सोसायटीत करमणुकीला जेवढे पैसे जातात तेवढ्यात एका छोट्या नाट्यसंस्थेचे प्रयोग होऊ शकतात. मीटिंगमध्ये सांगा की यंदा एक संध्याकाळ सिनेमाच्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्राऐवजी जवळच्या कॉलेजची एकांकिका, शाहीर किंवा लोककलेचा कार्यक्रम ठेवू. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून होतेय, दर वर्षी नव्या एकांकिका तयार होतात, आणि स्पर्धा संपली की बऱ्याच टीमना पुढे प्रयोगच मिळत नाहीत. त्यांना बोलवा.

बोलावताना काही गोष्टी आधीच ठरवा. मानधन किती ते फोनवरच स्पष्ट बोला, 'तुम्हाला प्लॅटफॉर्म देतोय' हे वाक्य कृपा करून कुणालाही ऐकवू नका. प्रवास आणि टेम्पोचा खर्च वेगळा धरा. माइक, लाइट, स्टेजची लांबी-रुंदी आधी कळवा, दहा बाय बाराच्या स्टेजवर आठ जणांची एकांकिका होत नाही. लेखकाची परवानगी आहे का आणि त्याचं मानधन कोण देणार ते विचारा, हौशी नाटकात सगळ्यात आधी लेखकाचेच पैसे बुडतात. महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ते टीमकडे आहे का बघा. निम्मे पैसे आधी द्या आणि उरलेले त्याच रात्री, टेम्पो निघायच्या आत, खजिनदार गावाला गेलेत वगैरे न सांगता.